सीग्रॅम इमारतीच्या बाहेरचे धातूचे दांडे भार घेत नाहीत, मग ते कशासाठी?

प्रश्न : मकरपुऱ्याचा फॅब्रिकेटर

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात मकरपुरा जी.आय.डी.सी. या औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि काचेच्या भिंती बसवण्याचे काम करतो. गेल्या महिन्यात एका कार्यालयाच्या इमारतीचे नकाशे माझ्याकडे आले. त्यांत काचेच्या बाहेरच्या अंगाला तळापासून माथ्यापर्यंत आय-सेक्शनचे, म्हणजे इंग्रजी I अक्षरासारख्या छेदाचे, उभे दांडे दाखवले होते. त्यांच्यावर इमारतीचा कसलाच भार नाही, म्हणून ते वगळून खर्च वाचवावा असे मी सुचवले, तेव्हा आर्किटेक्टबाईंनी न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीची छायाचित्रे माझ्यापुढे ठेवली. आमच्या धंद्यात जो दांडा काही पेलत नाही, तो बिलातून सर्वांत आधी जातो. ती इमारत रचणारे मीस व्हान डेर रोहे तर बांधणी जशी आहे तशी दिसावी असा आग्रह धरणारे वास्तुकार होते. त्यांनी असे दांडे का लावले, हे मला मनापासून समजून घ्यायचे आहे.

उत्तर : दांडिया बाजार, निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर

आपला प्रश्न रास्त आहे. १९५८ मध्ये पूर्ण झालेल्या या ३८ मजली, सुमारे १५७ मीटर उंच इमारतीचा सांगाडा पोलादाचा आहे. परंतु आगीत पोलाद मऊ पडते, म्हणून तेथील नियमानुसार ते काँक्रीटने वेढावे लागले. म्हणजे ज्या सांगाड्यावर इमारत उभी आहे तोच डोळ्यांआड गेला, आणि बाहेरचे दांडे त्याची खूण म्हणून लावले गेले. शिकागोच्या लेक शोअर ड्राइव्हवरील निवासी मनोऱ्यांवरही मीस यांनी यापूर्वी असेच दांडे लावले होते.

तरीही ते अगदीच निरुपयोगी नाहीत. वाऱ्याच्या दाबाखाली काचेची चौकट वाकू नये म्हणून ते तिला ताठपणा देतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. माझ्या मते खरे मर्म मापात आहे. दोन खांबांमधले अंतर सुमारे ८.५ मीटर असून त्याचे नेमके सहा समान भाग पाडले आहेत. त्यामुळे दांडे सुमारे १.४ मीटरवर येतात आणि दर सहावा दांडा आतल्या खांबाची जागा सांगतो. आतल्या कार्यालयांची विभागणीही याच मापावर बसते.

उत्तर : रावपुऱ्यातील भांडीवाले

धातूविषयी थोडे सांगतो, कारण आमचा पिढीजात व्यवसाय तांब्यापितळेच्या भांड्यांचा आहे. या इमारतीला सर्वत्र ‘ब्राँझ’ची म्हणतात, परंतु तांब्यात कथील मिसळले तर कासे होते आणि जस्त मिसळले तर पितळ. इमारतकामाच्या ज्या ब्राँझचे हे दांडे ओढले आहेत, त्यात तांब्याच्या जोडीला मुख्यतः जस्तच असते. आपल्या भाषेत ते पितळच झाले. असा सुमारे १,५०० टन माल येथे लागला. देवघरातली समई चार महिने घासली नाही तर कशी काळवंडते आणि कोनाकोपऱ्यात हिरवी पडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तिथे मात्र समईसारखी लख्ख चकाकी नको होती, गडद तपकिरी छटाच टिकवायची होती. म्हणून चिंच लावून घासण्याऐवजी दरवर्षी तेलाचा हात फिरवण्याची पद्धत पडली. एवढ्या उंचीवर, एवढ्या दांड्यांना! मला ही निगा त्या रचनेइतकीच मोलाची वाटते.

उत्तर : वास्तुकलेची शिक्षिका, अलकापुरी

या इमारतीचे श्रेय देताना फिलिस लँबर्ट यांना विसरून चालणार नाही. मद्यनिर्मिती करणाऱ्या सीग्रॅम कंपनीचे प्रमुख सॅम्युएल ब्राँफमन यांच्या त्या कन्या. आधी तयार झालेला आराखडा त्यांना मुळीच पसंत पडला नाही आणि १९५४ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्यांनी पॅरिसहून वडिलांना तसे सविस्तर लिहून कळवले. पुढे मीस यांची निवड त्यांच्याच पुढाकाराने झाली, वास्तुकार फिलिप जॉन्सन मीस यांचे सहकारी झाले, आणि कामाच्या नियोजनाची जबाबदारी लँबर्ट यांनी सांभाळली.

दांड्यांइतकेच त्या इमारतीपुढच्या मोकळ्या जागेकडेही पाहा, अशी माझी विनंती आहे. न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यूसारख्या रस्त्यावर मनोरा रस्त्यापासून सुमारे २७ मीटर मागे घेऊन पुढे दगडी फरसबंदीचे अंगण सोडले आहे. हे दांडे एका नजरेत, पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसतात ते या अंगणामुळेच. इमारत रस्त्याला खेटून असती तर मान कितीही वर केली तरी ती लय कोणाला कळली नसती. न्यूयॉर्कच्या १९६१ च्या बांधकाम नियमावलीने तर अशी सार्वजनिक जागा सोडणाऱ्यांना जादा बांधकामाची सवलत दिली. नंतर केवळ सवलतीपायी सोडलेली पुष्कळ अंगणे ओकीबोकी राहिली, याचे मात्र वाईट वाटते.

मूळ प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. इंजिनिअर साहेबांचे उत्तर वाचल्यावर मी नकाशे पुन्हा उघडले. आमच्या इमारतीत खांब ६ मीटरवर आहेत आणि दांडे १.१ मीटरवर, त्यामुळे एका खांबासमोर दांडा येतो, तर पुढच्या खांबासमोर काचच येते. दांडे वगळण्याची सूचना मी मागे घेत आहे. त्याऐवजी अंतर १.२ मीटर करावे, म्हणजे पाच समान भाग पडतील, असे सोमवारी बाईंना सांगणार आहे.