ई-रीडर म्हणजे पैसे पाण्यात? अजिबात नाही

निशिगंध:
काल इथेच कुणीतरी लिहिलं, "मोबाईल असताना ई-रीडर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. वाचणारा कशावरही वाचतो." उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. मी रोज कर्जत लोकलने सीएसएमटीला जाते. मोबाईलवर दोन पानं होतात न होतात तोच मेसेज येतो आणि पुस्तक राहतं बाजूला. फक्त पुस्तकं वाचायचा सहा इंची ई-रीडर घेतल्यापासून दीड वर्षात चोवीस पुस्तकं झाली. भर उन्हात पुलावर उभी राहूनसुद्धा वाचता येतं, कारण त्याचा ई-इंकचा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडावर दिसतो. मोबाईल तिथे काळा आरसा होतो.

भाकरवाडी:
ताई, ते लिहिणारा मीच. चोवीसात मराठी किती? मी वाचतो हक्क संपलेली जुनी मराठी पुस्तकं, इंटरनेट आर्काइव्ह या साइटवरची स्कॅन. प्रत्येक पान म्हणजे फोटो. सहा इंचांवर अक्षर मुंगीएवढं, मोठं करावं तर अर्धी ओळ बाहेर. भावाचा ई-रीडर महिन्याभरात परत केला. दहा इंची टॅब बरा.

निशिगंध:
मराठी सात. स्कॅनला सहा इंच पुरत नाहीत, मान्य. मग तेवढंच लिहायचं होतं. सगळ्यांचे पैसे पाण्यात कशाला घातलेत?

रात्रवाचक:
भाकरवाडी, कोरीडर हे वाचनाचं ॲप टाकून बघा, फुकट आहे. समास कापतो. रिफ्लो लावलात तर फोटोतले शब्द सुटे करून मोठ्या आकारात पुन्हा ओळीत लावतो. कोबो ई-रीडरवर चालतो, अँड्रॉइड टॅबवरही. पान तिरकं स्कॅन झालं असेल तर मात्र गोंधळ घालतो.

जुळारी:
मूळ दुखणं कुणी बोलतच नाही. मराठी ईपब, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइली, इतके कमी का? वीस वर्षं अक्षरजुळणी केली. जुन्या फाइली युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीच्या फॉन्टांत. युनिकोडात नेल्या की रफार आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. म्हणजे अख्खं मुद्रितशोधन पुन्हा. त्याचे पैसे कोण देणार? वाचकांना तर टेलिग्रामवर फुकट पीडीएफ हवी!

डब्लिनकर:
विकायलाच ठेवत नाही, मग वाचक काय करणार? इथे पुस्तक मागवलं तर टपालखर्च किमतीच्या दुप्पट. आणि विकत घेतलेलं तरी आपलं कुठे असतं? फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने त्यांच्या किंडल ई-रीडरची पुस्तकं संगणकावर उतरवून घ्यायची सोय काढून टाकली.

जुळारी:
म्हणून चोरायचं? लेखक गेल्यावरही ६० वर्षं हक्क असतो आपल्याकडे. मी जुळवलेल्या एका कवितासंग्रहाची पीडीएफ चौथ्या दिवशी माझ्याच सोसायटीच्या ग्रुपवर आली. त्या बाईंनी पीएफमधले पैसे काढून संग्रह छापला होता. पाठवणाऱ्याला मी बोललो, तर तो म्हणे, प्रसारच होतोय ना!

डब्लिनकर:
त्या बाईंच्या बाबतीत तुमचं बरोबर. पण मी मराठी ईपब दिसला की विकत घेतो. मला चोरांत ढकलू नका.

जुळारी:
तुम्हाला नाही म्हटलं. पण ग्रुपवर पीडीएफ आली की "धन्यवाद" लिहिणारे तुमच्यासारखेच सुशिक्षित असतात.

भाकरवाडी:
काल टॅबवर कोरीडर टाकला. समास कापल्यावर पान खरंच मोठं झालं. रिफ्लोमध्ये तळटिपा मजकुरात घुसल्या, तो बंद केला. 'पैसे पाण्यात' मागे घेतो. ई-रीडर मात्र घेणार नाही.