राष्ट्रपतींना मिळतं ते मानधन, पगार की वेतन?

प्रश्न
एका लेखाचं संपादन करतेय. लेखकाने लिहिलंय, 'भारताच्या राष्ट्रपतींना दरमहा पाच लाख रुपये मानधन मिळते.' मला 'मानधन' खटकतंय. 'पगार' केलं तर लेखक नाराज; म्हणतात, राष्ट्रपती काय नोकरीला आहेत? घटनेत नेमका कोणता शब्द आहे?

प्रतिसाद
'वेतन' करा आणि मोकळ्या व्हा. मानधन व्याख्यात्याला, परीक्षकाला, सरपंचाला. राष्ट्रपतींच्या रकमेसाठी १९५१ चा स्वतंत्र कायदा आहे आणि पदावरून उतरल्यावर त्या रकमेच्या निम्मं निवृत्तिवेतन मिळतं. मानधनावर निवृत्तिवेतन कुणी ऐकलंय? (अंगणवाडी सेविकांच्या वाट्याला मात्र हाच शब्द येतो. तिथे मान कमी आणि धन त्याहून कमी. असो, तो वेगळा धागा.)

प्रतिसाद
घटनेच्या मराठी पाठात 'वित्तलब्धी' आहे, अनुच्छेद ५९ पाहा. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांना वित्तलब्धी, मंत्री आणि न्यायाधीशांना वेतन. मूळ इंग्रजीतच दोन वेगळे शब्द असल्याने मराठीतही दोन आले. पण लेखात 'वित्तलब्धी' घातलंत तर वाचक तिथेच ठेचकाळेल.

ही रक्कम सुरुवातीला दरमहा १०,००० रुपये होती. १९९८ मध्ये ५०,००० झाली, २००८ मध्ये दीड लाख. पुढे गंमत झाली. सातव्या वेतन आयोगानंतर मंत्रिमंडळ सचिवांचं (म्हणजे सर्वात वरिष्ठ सनदी अधिकाऱ्याचं) वेतन अडीच लाखांवर गेलं आणि राष्ट्रपती दीड लाखावरच! २०१८ च्या अर्थसंकल्पात पाच लाखांची घोषणा झाली आणि वाढ १ जानेवारी २०१६ पासून लागू केली.

जाता जाता, हा खर्च संचित निधीवर (म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर) 'भारित' असतो. म्हणजे संसदेत त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान नाही. ज्यावर मतदान होतं तो 'दत्तमत' खर्च. अर्थसंकल्पाच्या कागदांतली ही जोडी मला फार आवडते.

प्रतिसाद
'तनखा' कसा वाटतो? जरा भारदस्त.

प्रतिसाद
नको हो! हिंदीत तनख्वाह म्हणजे पगार, पण मराठीत तनखा म्हटलं की संस्थानिक आठवतात. त्यांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले. ते पैसे राज्य सोडल्याबद्दलचे, राज्य चालवण्याबद्दलचे नव्हेत. पेशवाई गेल्यावर दुसऱ्या बाजीरावाला ब्रह्मावर्तात (कानपूरजवळच्या बिठूरला) सालीना आठ लाख मिळत, तेही त्याच जातीचे.

आणि लेखकमहाशयांच्या 'नोकरीला आहेत का?' या प्रश्नाचं उत्तर कौटिल्याने देऊन ठेवलंय. अर्थशास्त्रात लढाईआधी राजाने सैन्याला म्हणायचं आहे, 'तुल्यवेतनोऽस्मि'. मीही तुमच्यासारखाच वेतन घेणारा, हे राज्य आपण मिळून भोगायचं. आता सैनिकांना चेव आणायला केलेलं हे भाषण आहे, त्यामुळे किती खरं मानायचं ते तुम्हीच ठरवा. पण राजाच्या तोंडी 'वेतन' शब्द शोभतो एवढं तरी नक्की. 'पगार' मूळचा पोर्तुगीज. अर्थाने चूक नाही, फक्त बोलण्यातला आहे.

प्रतिसाद
पंतप्रधानांचाही आकडा द्या की.

प्रतिसाद
ते शासनप्रमुख, राष्ट्रप्रमुख नव्हेत. लेखात ही गल्लत नाही ना, तेही तपासा. परदेशांची तुलना असेल तर आणखी जपून: अमेरिकेच्या अध्यक्षांचे चार लाख डॉलर (२००१ पासून) वर्षाचे आहेत, महिन्याचे नाहीत. तिथे राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख एकच. ब्रिटनच्या राजाला मिळतं ते वेतन नव्हेच, राजपदाच्या कामकाजासाठीचं अनुदान आहे.

प्रश्नकर्ती
'वेतन' केलं, लेखकही तयार झाले. अमेरिकेचा आकडा खरंच 'दरमहा'च्या रकान्यात होता, तो हलवला. ब्रिटनची ओळ तक्त्यातून काढून खाली टीप म्हणून देतेय. मंडळी, आभार.