अपघात विम्याचा तोटा नक्की कोणाच्या खात्यावर?

धागाकर्ता (राजारामपुरी, कोल्हापूर):
प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता १ जून २०२२ पासून १२ रुपयांवरून २० रुपये झाला. त्या वेळी केंद्र सरकारने दिलेल्या हिशेबानुसार ३१ मार्च २०२२ पर्यंत हप्त्यांपोटी १,१३४ कोटी रुपये जमा झाले होते आणि दाव्यांपोटी २,५१३ कोटी दिले गेले होते. म्हणजे शंभर रुपये आले तर सुमारे २२२ रुपये गेले. त्यावरून ‘योजना बुडीत आहे’ असे आजही म्हटले जाते. माझ्या मते सरकारी अपघात विम्याची वर्षाची परीक्षा नफ्या-तोट्यावर घेणेच चूक आहे. जिथे दोन लाख रुपये मिळण्यासाठी घरातला माणूस जावा लागतो किंवा कायमचा पूर्ण अपंग व्हावा लागतो, तिथे शिल्लक वाढल्याचे वाचले की दावे कुठे अडले असतील, हीच शंका मला आधी येते.

प्रतिसाद (इचलकरंजी, निवृत्त लेखापरीक्षक):
धागाकर्त्यांची भावना मान्य, निष्कर्ष अमान्य. १२ चे २० रुपये केले, तरी तेवढ्याच सभासदांकडून १,१३४ ऐवजी १,८९० कोटी जमले असते आणि २,५१३ कोटींचे दावे त्यातून भागले नसते. मग उरलेले पैसे कोणी दिले? ही योजना राबवणाऱ्यांत सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्या आहेत आणि त्यांपैकी तिघींना केंद्राने २०१९-२० ते २०२१-२२ या तीन वर्षांत १७,४५० कोटींचे भांडवल पुरवले. ते सगळे या योजनेमुळे लागले असे मी म्हणत नाही, कारण वाहन आणि आरोग्य विम्यातील त्यांचे खड्डे कितीतरी मोठे होते. परंतु स्वस्त हप्त्याची किंमत शेवटी करदात्याच्या खिशातूनच जाते, हे ताळेबंदाशिवाय कळणार कसे? आपल्या जिल्ह्यात दूध संघाच्या वार्षिक सभेत दरफरकाच्या पैशा-पैशावर सभासद ध्वनिक्षेपकासाठी झटापट करतात, आणि अपघात विम्याचा अहवाल मात्र कोणी उघडूनही पाहत नाही.

प्रतिसाद (भुदरगड तालुका, शेतकरी):
लेखापरीक्षक साहेबांनी जमाखर्च मांडला, पण दावा दाखलच झाला नाही तर तो त्यांच्या कोणत्या रकान्यात बसतो? आमच्या भावकीतील एक जण नदीकाठच्या मोटारीचा शॉक लागून गेला. दिवसकार्य आटोपले, गाळप हंगाम संपला, आणि आठ महिन्यांनी त्याच्या मुलीने पासबुक चाळले तेव्हा विम्याच्या हप्त्याची नोंद दिसली. हप्ता खात्यातून आपोआप कापला जात होता. घरात कोणालाच माहीत नव्हते. बँकेत गेलो तर मुदत टळल्याचे सांगण्यात आले. त्या वर्षी कंपनीचे दोन लाख वाचले, म्हणजे तिची कामगिरी सुधारली असेच ना?

राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत हेच पाहून २०२३ साली विमा कंपन्या बाजूला केल्या. सरकार हप्ता भरायचे आणि कंपन्या किरकोळ त्रुटी काढून प्रस्ताव परत पाठवायच्या. आता अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा, निर्णय तहसीलदारांच्या समितीने घ्यायचा आणि पैसे शासनाने सानुग्रह अनुदान म्हणून थेट द्यायचे. सर्पदंश, वीज पडणे, पुरात वाहून जाणे, ट्रॅक्टर उलटणे हे सारे त्यात येते, आणि आमच्या डोंगरी भागात यांतले एखादे दरवर्षी घडतेच.

प्रतिसाद (गडहिंग्लज):
एक पूरक मुद्दा. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघाताची भरपाई सरकारी महामंडळ देते, चूक कोणाची हे न पाहता. तिथे जखमी माणसाला पुढे अनेक वर्षे द्यायची रक्कम आजच्या किमतीत मोजतात, त्यामुळे व्याजदर उतरले की एकही अपघात न वाढता तोटा फुगतो. आपल्याकडे रक्कम एकरकमी असल्याने ही सबब चालणार नाही.

धागाकर्ता:
भुदरगडच्या प्रतिसादाने माझाच मुद्दा बळकट झाला, परंतु एक अडचणही दाखवून दिली. कंपन्या होत्या तोवर भरलेला हप्ता आणि दिलेले दावे यांचे गुणोत्तर तरी काढता येत होते. सानुग्रह अनुदानात केवळ तरतूद आणि खर्च उरतो. त्यामुळे इचलकरंजीच्या साहेबांना अर्धे गुण देतो. हिशेब हवाच, पण तो तालुकानिहाय आलेले अर्ज, नाकारलेले अर्ज आणि निकालाला लागलेले दिवस यांचा हवा.

प्रतिसाद (इचलकरंजी, निवृत्त लेखापरीक्षक):
अर्धे गुण परत घ्यावेत. तरतूद संपली म्हणून मार्चमध्ये थांबलेला मंजूर प्रस्ताव आपल्या या तक्त्यात निकाली निघालेलाच दिसेल. पैसे खात्यावर जमा झाल्याचा रकाना आपण ठेवलेलाच नाही.

प्रतिसाद (भुदरगड तालुका, शेतकरी):
तो रकानाही घाला. पण दिवस कुठून मोजणार, अर्ज दिला तेव्हापासून, की शवविच्छेदन अहवाल जोडून त्रुटी पूर्ण झाली तेव्हापासून? आमच्याकडे दुसरीच तारीख धरतात.