मदत हवी आहे: जाताना सहा तास, येताना चोवीस तास, मग विमान खरोखर किती वेळ उडते?

उदगीरकर: वडिलांना धाकट्या भावाकडे न्यूयॉर्कला पाठवायचे आहे. तिकिटावर जाताना रात्री 1:30 ला सुटून त्याच तारखेला सकाळी 7:30 ला पोहोचणे, आणि येताना सकाळी 11:30 ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी 11:30 ला पोहोचणे, असे छापले आहे. वडील इन्सुलिन घेतात. डॉक्टरांनी प्रवासाचे खरे तास मागितले आहेत आणि एजंट फोन उचलत नाही. कृपया लवकर सांगावे.

परभणीकर: विमान कोठून सुटते, थेट आहे की मध्ये बदलायचे आहे, हे आपण लिहिलेलेच नाही.

उदगीरकर: मुंबईहून थेट. अमेरिकेला मुंबईहूनच जातात ना!

नांदेडचा मुसाफिर: मुळीच नाही. उदगीरहून हैदराबाद मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. तेथून दुबईमार्गे गेल्यास अंतर हजारेक किलोमीटर वाढते खरे, पण दुबईपर्यंत साधारण चार तास आणि पुढे चौदा, अशी विभागणी होऊन वृद्ध माणसाला मध्ये पाय मोकळे करता येतात. माझ्या आईला मी असेच नेले.

उदगीरकर: तिकीट काढून झाले आहे, दादा.

जालनेकर: गणित सोपे आहे. सहा आणि चोवीस मिळून तीस, निम्मे पंधरा. जाता-येता पंधरा-पंधरा तास.

अंबाजोगाईची भूगोलशिक्षिका: ही रीत येथे दोनदा चुकते. आधी प्रवासाच्या तारखा कळाव्यात.

उदगीरकर: 14 नोव्हेंबरला जाणे, 10 एप्रिलला येणे. महिन्याचा येथे काय संबंध?

अंबाजोगाईची भूगोलशिक्षिका: तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापतात. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. म्हणून जाताना सहात साडेदहा मिळवावेत, म्हणजे साडेसोळा तास होतात. येताना चोवीसातून साडेनऊ वजा करावेत, म्हणजे साडेचौदा उरतात. यात धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याचा वेळही धरलेला असतो.

जालनेकर: अंतर तेच, विमान तेच, मग दोन तासांचा फरक कसा? मॅडम, हे पटत नाही.

अंबाजोगाईची भूगोलशिक्षिका: वाऱ्यामुळे. सुमारे 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोतवारे वाहतात. येताना ते विमानाला ढकलतात, जाताना समोरून अडवतात. शिवाय अंतर तेच राहते असेही नाही. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला तर मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे 12,500 किलोमीटर भरते आणि तो दोरा पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशियावरून जातो. भारतीय कंपन्यांच्या विमानांना पाकिस्तानची हवाई हद्द एप्रिल 2025 पासून बंद असल्याने त्यांना वळसा पडतो. सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे कळत नाही. माझे विद्यार्थीही तेथेच फसतात.

परभणीकर: इन्सुलिन हातातल्या पिशवीतच असू द्यावे, मोठ्या सामानात ते गोठण्याचा धोका असतो. डोस मात्र डॉक्टरांनीच ठरवावेत.

नांदेडचा मुसाफिर: दुबईला ते फ्रीजमध्ये ठेवायला मिळाले असते.

उदगीरकर: आभारी आहे, ताई. साडेसोळा आणि साडेचौदा असे डॉक्टरांना कळवले. एजंटाचा फोन आत्ताच येऊन गेला. तो म्हणतो, जाताना सहाच तास लागतात, काळजी करू नका.