नाईकसाहेब शेतीचे मुख्यमंत्री होते, पण विदर्भाचे होते का?

बंडीवाला, पुसद
१ जुलैला पंचायत समितीत वसंतराव नाईकांच्या फोटोला हार पडतो, साहेब लोक भाषण ठोकतात, दोन प्रगतिशील शेतकऱ्यांना शाल-श्रीफळ, की झाला कृषी दिन. आमच्या तालुक्यातल्या गहुलीचा माणूस ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होता. सलग एवढी वर्षं ती खुर्ची दुसऱ्या कोणाला मिळाली नाही. मग विदर्भाला काय मिळालं? १९८४ मध्ये सरकारनं नेमलेल्या दांडेकर समितीनं अनुशेष, म्हणजे कोणता भाग विकासात किती मागे राहिला ते मोजलं, तेव्हा सिंचनात आपण किती मागे आहोत ते कागदावर आलं. तो अनुशेष काही १९७५ नंतर रातोरात साचला नव्हता. माझं म्हणणं सरळ आहे. नाईकसाहेब इतके टिकले, कारण त्यांनी विदर्भासाठी कधी हट्टच धरला नाही.

काळी_माती
घरात त्या काळातलं कोणी असेल तर विचारा, रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी मिळायची, तिची भाकरी कशी लागायची ते. दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर फासावर जाईन, असं हा माणूस पुण्यात शनिवारवाड्यासमोर जाहीर बोलला होता. नंतर संकरित ज्वारी गावोगाव पोचवली. चारही कृषी विद्यापीठं त्यांच्याच काळातली: राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. अकोला विदर्भात येत नाही का?

खटला_वऱ्हाडी
हायब्रीडचं नाव नोका काढू भाऊ. कणसात दाणा भरला अन् वरून पाणी आलं की दाणा काया पडे. भाकर बी काई. कडबा बुटका, ढोरं तोंड लावेनात. आमचा बुढा अजून बी गावरान जवारीचीच आठवण काढते. पोट भरलं, हे खरं हाय, नाई कोन म्हनते? पन अकोल्याचं विद्यापीठ काही साहेबानं ताटात वाढून नाई देल्लं. राहुरीचं आधी झालं, अन् आपल्याले आंदोलन करा लागलं, मंग भेटलं. मुख्यमंत्री आपला अन् भांडन बी आपल्यालेच!

ग्रेडर_नको_रे_बाप्पा
कापूस एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच विकत घ्यायचा, ती विसरलात सगळे. १९७२ ची योजना. त्याआधी अडत्या बोलेल तो भाव, रुमालाखाली बोटं दाबून ठरलेला. एकाधिकारात निदान हमीची किंमत आली. पुढे तिचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. संकलन केंद्रासमोर बैलबंड्यांची रांग रस्त्यापर्यंत, माणसं रात्री कापसावरच झोपायची. सकाळी ग्रेडर मूठभर कापूस उचलायचा, दोन बोटांत धागा ओढून बघायचा आणि वर्षभराच्या मेहनतीचा दर्जा एका शब्दात सांगून पुढच्या बंडीकडे. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हप्त्याहप्त्यानं. आंध्रात भाव चढला की आमच्या भागातला कापूस रात्री आदिलाबादकडे जायचा आणि सरकारी नाका अडवायचा. पण हा दोष योजना आणणाऱ्याचा की नंतर चालवणाऱ्यांचा?

बंडीवाला, पुसद
कापूस पिकवायचा आम्ही, सूत काढायच्या गिरण्या दुसरीकडे, आणि मालाला पर्यायी गिऱ्हाईक कायद्यानं बंद. हमी दिली हे मान्य, पण दरवाजा एकच ठेवला. त्याच काळात मुंबईत बॅकबेला समुद्रात भराव टाकून काढलेल्या जागांच्या वाटपावरून सरकारवर टीका होत होती, हेही लिहा की कोणीतरी. आमच्याकडे आता शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबवायला नेमलेल्या शेती स्वावलंबन मिशनलाही नाईकसाहेबांचंच नाव. यवतमाळच्या मेडिकल कॉलेजलाही त्यांचंच. नावाला तोटा नाही.

तांड्यावरचा_पोरगा, दिग्रस
दादा, एक गोष्ट सोडून बोलताय तुम्ही सगळे. बंजारा समाजातला, तांड्यावर वाढलेला माणूस नागपूरला वकिली शिकतो, १९४१ मध्ये ब्राह्मण घरातल्या वत्सलाताई घाटेंशी लग्न करतो, १९४६ मध्ये पुसदचा नगराध्यक्ष, १९५२ मध्ये आमदार होऊन, तेव्हा विदर्भ ज्यात होता त्या जुन्या मध्य प्रदेशात उपमंत्री. पाठीशी ना साखर कारखान्यांची फळी, ना जातीची मोठी संख्या. आधीचे मुख्यमंत्री कन्नमवार वारल्यावर ती खुर्ची मिळाली तीच आश्चर्याची गोष्ट. त्यांनी हट्ट धरला असता तर दोन वर्षंसुद्धा टिकले असते का? आणि जिल्हा परिषदा, पंचायत समित्या ज्या अहवालावर उभ्या राहिल्या तो त्यांच्याच समितीचा. तुमची पंचायत समिती, जिथे तो हार पडतो, तीसुद्धा.

बंडीवाला, पुसद
भाऊ, तू माझंच म्हणणं पक्कं करतोयस. टिकायचं असेल तर विदर्भाचं नाव काढायचं नाही, ही अट होती आणि त्यांनी ती पाळली. मी त्यांना वाईट म्हणत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायचं, नाला बंडिंगचं, पाझर तलावाचं काम काढून लोकांना जगवलं. रोजगार हमीची कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची, पण मुख्यमंत्र्यानं मान डोलावली नसती तर ती कागदावरच राहिली असती. ते श्रेय द्यायलाच हवं. मी फक्त म्हणतो, शेतीचं केलं ते राज्याचं. विदर्भाचं म्हणून वेगळं काय?

काळी_माती
तुमच्या पुसदला पूस धरणाचं पाणी येतं ना हो काका?

खटला_वऱ्हाडी
येते ना, नळाले बी येते. मंग बाकीच्या तालुक्यानं काय केल्लं होतं?

तांड्यावरचा_पोरगा, दिग्रस
बाकीच्या तालुक्यांच्या आमदारांना विचारा. सगळं एकट्या नाईकसाहेबांकडूनच मागायचं आहे का? त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ ते ९३ मुख्यमंत्री होते, २०१४ नंतर नागपूरचे फडणवीस आले. त्यांचा हिशेब कधी मांडता?

बंडीवाला, पुसद
मांडतो ना. धागा काढ तू, पहिली पोस्ट माझी.