पोर्तोत ऐन सांव जांवला ताप भरलाय, काय करू?

म्हापशेकरीण:
नमस्कार, मी म्हापशाची, एकटीच पोर्तुगाल फिरायला आलेय. आज २३ जून, पोर्तोत सांव जांवची, म्हणजे सेंट जॉनच्या सणाची रात्र, हीच बघायची म्हणून तारखा जुळवून तिकिटं काढलेली आणि कालपासून ताप १०२, अंग ठणकतंय, डोळे फिरवले तरी मागे दुखतं. खाली गल्लीत कोळशावर सार्डिन भाजतायत, सगळा धूर खोलीत येतोय, आणि लोक एकमेकांच्या डोक्यात प्लास्टिकचे हातोडे मारत फिरतायत, म्हाताऱ्या बायकासुद्धा, सारखं आपलं पिक पिक पिक. एरवी मीच सगळ्यात पुढे असते. आत्ता फक्त घर आठवतंय, पाऊस, उकड्या तांदळाची पेज आणि तोर, ती मिठातली कैरी. आईला सांगितलेलं नाही, ती घाबरेल. तिकीट बदलून परत येऊ का? इथे डॉक्टर कसा गाठायचा? बॅगेत पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन आहे, कुठली घेऊ?

वॉर्डातली:
आयबुप्रोफेन अजिबात नको, अ‍ॅस्पिरिनपण नको! डेंग्यूचा ताप डास चावल्यावर साधारण ४ ते १० दिवसांनी येतो, म्हणजे डास गोव्यात चावला आणि ताप तिकडे आला असं सहज होतं, आणि डोळ्यांमागे दुखणं त्यातलंच. डेंग्यू असेल तर या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल घे, दिवसात ४ ग्रॅमच्या वर जाऊ नकोस, आणि पाणी, ओआरएस पीत राहा. डॉक्टरला पहिलं हेच सांग की भारतातून आलेय, तिथे पावसाळा चालू झालाय, डेंग्यू आणि मलेरिया दोन्ही तपासा. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं तर थांबायचं नाही, सरळ ११२.

डिचोलीकर_लिस्बन:
८०८ २४ २४ २४ लाव, एसएनएस २४ म्हणून सरकारी आरोग्य लाइन आहे, रात्रभर चालू, इंग्रजीत बोलतात, सगळं विचारून कुठे जायचं ते सांगतात. उद्या २४ला पोर्तोत सुट्टी असते म्हणून छोट्या क्लिनिकच्या भरवशावर राहू नकोस. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो, बंद असलं तर त्या रात्री कुठलं उघडं आहे ते दारावर लावलेलं असतं. शेंगेन व्हिसावर आली असशील तर ३०,००० युरोचा विमा आहेच, पैसे भरायच्या आधी त्यांच्या हेल्पलाइनला फोन कर (पोर्तुगीज पासपोर्टवर असशील तर वेगळं, विमा काढलायस का बघ). आणि खायला कान्जा माग, कोंबडी घातलेली पातळ पेजच ती, इथे आजारी माणसाला तेच देतात.

शिवोलीची मावशी:
बाळा, आईला आजच फोन कर. तिकडे मध्यरात्री दोउरो नदीवर दारूकाम सुरू होईल तेव्हा इथे साडेचार वाजलेले असतील, उठेलच ती थोड्या वेळात. माझ्या मुलाने दुबईत असताना कावीळ माझ्यापासून लपवली, मला शेजारणीकडून कळलं, त्या लपवण्याचं मला आजाराहून जास्त लागलं. तापात तिकिटाचा निर्णय घेऊ नकोस. आणि कुणाला तरी सांगून मांजेरिकोची कुंडी मागवून घे, ती बारीक पानांची तुळस सांव जांवला घरोघरी असते, नाक लावायचं नाही, वरून तळहात फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. आमच्याकडे उद्या सांगोड आहे, सजवलेल्या होड्यांची मिरवणूक, पोरं आत्तापासून कोपेलं, डोक्यावरचे पानाफुलांचे मुकुट, विणतायत, व्हिडिओ पाठवते तुला.

म्हापशेकरीण:
सगळ्यांना मनापासून थँक्यू. रात्रीच लाइनवर फोन केला, सकाळी हॉस्पिटलात रक्त घेतलं. डेंग्यूच निघाला, मलेरिया नाही, प्लेटलेट अजून ठीक आहेत, परत तपासायला बोलावलंय. आईला सांगितलं, ती अर्धा तास हॉस्टेलच्या बाईंना माझ्याकरवी पेज शिकवत होती आणि त्यांनी खरंच करून दिली. तिकीट तसंच ठेवलंय. वॉर्डातली ताई, ताप उतरला की ब्रागा शहर बघायला जाऊ ना?

वॉर्डातली:
नाही गं. डेंग्यूत खरं सांभाळायचं ताप उतरल्यावरच, त्यानंतरचे ४८ तास हॉस्पिटलापासून लांब जायचं नाही. रक्ताचा रिपोर्ट इथे टाक, मग ब्रागाचं बघू.