प्रतिसाद: काप्पो काक्को 'फसला' म्हणणं घाईचं आहे

वर दोघांनी लिहिलंय की फिनलंडच्या आइस हॉकीपटू काक्कोला 2019 च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो कार्यक्रम) दुसऱ्या क्रमांकावर घेणं ही एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य लीगमधल्या न्यूयॉर्क रेंजर्स संघाची चूक होती, कारण पहिल्या मोसमात त्याचे 66 सामन्यांत जेमतेम 23 गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून). मला हे पटत नाही.

त्याच्या आधीचं वर्ष बघा. तुर्कू शहराच्या टीपीएस क्लबकडून फिनलंडच्या मुख्य लीगमध्ये त्याने 45 सामन्यांत 22 गोल केले आणि अठराखालच्या खेळाडूने एका मोसमात केलेल्या सर्वाधिक गोलांचा, फिनलंडच्याच अलेक्सांडर बार्कोव्हचा विक्रम मोडला. तेही मोठ्या माणसांविरुद्ध! जानेवारी 2019 मध्ये वीस वर्षांखालच्या विश्वस्पर्धेच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध शेवटच्या दीड मिनिटात विजयी गोल त्याचाच. मे महिन्यात सीनियर विश्वस्पर्धेत पुन्हा सुवर्ण, आणि त्यात कॅनडाविरुद्ध दोन गोल. अठरा वर्षांखालचं सुवर्ण 2018 मध्येच मिळालं होतं.

हे सगळं टाइप 1 मधुमेह आणि सिलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लुटेन न चालणारा आजार) सांभाळून, हे आपण फार सहज विसरतो.

शिवाय एनएचएलची रिंक (बर्फाचं मैदान) युरोपातल्या बऱ्याच रिंकपेक्षा अरुंद. पक (खेळातली रबरी चकती) कडेला दाबून धरत वळण्याचा त्याचा खेळ तिथे लगेच बसणं अवघडच होतं. अठराव्या वर्षी तर फारच.